विष्णुशास्त्री चिपळूणकर : कामांचा अग्रक्रम
नोकरी सांभाळून शिकणाऱ्या आपणांस विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे (१८५०–१८८२) चरित्र जवळचे वाटेल. सरकारी शाळेत अध्यापन करीत असतानाच त्यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक काढले. त्याच्या ८४ अंकांतील बहुतेक लेखन त्यांचे एकट्याचे होते. १८७९ मध्ये, स्वतंत्र शाळा काढण्यासाठी, त्यांनी निश्चित वेतनाची नोकरी सोडली. १८८० मध्ये सहकाऱ्यांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू केला. १७ मार्च १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. राजीनाम्यानंतर त्यांना तीन वर्षेही लाभली नाहीत. ही कामे त्यांनी सवडीवर सोपवली असती, तर ती त्यांच्या हातून झालीच नसती. आपल्या मोजक्या वेळेतील पहिला तास कोणत्या कामास द्यावयाचा, हे आपणही आजच ठरवावे.