रॉबर्ट चार्ल्स रॉटन

रॉबर्ट चार्ल्स रॉटन (१५ ऑगस्ट १८४९ – १५ मे १९२१) हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील ब्रिटिश अधिकारी व निसर्ग-अभ्यासक होते. भारतीय सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणामुळे त्यांचे नाव प्राणिशास्त्रात स्थिर झाले. तथापि त्यांच्या शास्त्रीय कार्याचा आरंभ मुंग्यांच्या अभ्यासाने झाला.

जीवन

रॉटन यांचा जन्म राजस्थानातील नसीराबाद येथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात झाला. बेडफर्ड स्कूल व लंडनचे किंग्ज कॉलेज येथे शिक्षण घेतल्यावर डिसेंबर १८७१ मध्ये ते वनसेवेत दाखल झाले. मुंबई इलाख्यात ते वनसंरक्षकाच्या पदापर्यंत पोहोचले आणि १९०४ मध्ये निवृत्त झाले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते सदस्य होते.

मुंग्यांचा अभ्यास

त्या काळी भारतातील मुंग्यांचे वर्गीकरण बहुधा युरोपात पोहोचलेल्या तुरळक नमुन्यांवरून होत असे. त्यात मोठी अडचण होती. एकाच वारुळातील राणी, नर व कामकरी मुंगी दिसण्यात इतक्या भिन्न असतात की, त्या एकाच जातीच्या आहेत हे सुट्या नमुन्यांवरून कळत नाही. पावसाळ्याच्या तोंडी मुंग्यांना पंख फुटतात आणि दिव्यावर नर व राण्या येऊन पडतात. पण त्यांच्याबरोबर कामकरी नसतात. मिलनानंतर राणी पंख टाकून देते. मग पंखांच्या जागी उरलेले व्रण, भरीव वक्ष आणि मोठे उदर एवढ्याच खुणांवरून ती ओळखावी लागते. अशी राणी ओलसर, अंधाऱ्या जागी न हलवता ठेवली, तर अनेक जातींमध्ये ती अन्नाशिवाय, केवळ शरीरातील साठ्यावर व पंखांच्या निरुपयोगी झालेल्या स्नायूंवर पहिली पिल्ले वाढवते; त्या कामकरी मुंग्या मोठ्या झाल्या म्हणजे जातीचा निर्णय सोपा होतो. दुसरा खात्रीचा मार्ग म्हणजे तिन्ही रूपे एकाच वसाहतीतून एकत्र मिळवणे. त्यासाठी संग्राहक जागेवरच असावा लागतो, आणि वनाधिकारी म्हणून रॉटन यांना ती सोय होती.

त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधाचे मूळ याच अडचणीत आहे. शुकार्ड यांनी १८४० मध्ये केवळ पंखधारी नरांवरून ‘एनिक्टस’ ही प्रजाती वर्णिली होती. पुढे १८५७ मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी लहान, आंधळ्या कामकरी मुंग्यांवरून ‘टिफ्लाटा’ ही प्रजाती स्थापली. या दोहोंचा काही संबंध असल्याचे सिद्ध झालेले नव्हते. रॉटन यांना हे नर व या कामकरी मुंग्या एकत्र सापडल्या आणि दोन्ही नावे एकाच मुंगीची असल्याचे उघड झाले. स्विस मनोविकारतज्ज्ञ व मुंगीशास्त्रज्ञ ऑगस्ट फोरेल यांनी १८९० मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. लेखाच्या शीर्षकातच तो रॉटन यांचा असल्याचे म्हटले आहे. जुने नाव म्हणून ‘एनिक्टस’ टिकले. या लष्करी मुंग्या इतर मुंग्यांच्या वारुळांवर धाडी घालतात. त्यांच्या राणीला पंख नसतात आणि वसाहत दुभंगूनच नवी वसाहत होते. त्यामुळे उडत्या राण्यांमध्ये ती कधीच हाती लागत नाही.

त्याच सुमारास फोरेल यांनी रॉटन यांच्या नावाने आज ‘कार्डिओकोंडिला रॉटनाय’ म्हणून ओळखली जाणारी मुंगी वर्णिली. तिचे काही नर पंखहीन असून दिसायला कामकऱ्यांसारखे असतात आणि विळ्यासारख्या जबड्यांनी परस्परांशी झुंजतात. असे नर इतके अपरिचित होते की, तिच्यासाठी प्रारंभी ‘एमेरिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानावी लागली.

१८९२ मध्ये रॉटन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात ‘अवर अँट्स’ ही लेखमाला दोन भागांत लिहिली. फोरेल यांची भारत व श्रीलंकेतील मुंग्यांवरील विस्तृत फ्रेंच लेखमालाही त्याच नियतकालिकात त्याच वर्षी सुरू झाली. तिचा अभ्यास रॉटन यांच्यासारख्या स्थानिक संग्राहकांच्या नमुन्यांवर उभा होता. बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील ग्रंथ १९०३ मध्ये निघाला तो या पायाभरणीनंतर.

सस्तन प्राणी सर्वेक्षण

काही काळ विंचवांकडे वळल्यानंतर, निवृत्तीपश्चात रॉटन यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ओल्डफील्ड थॉमस यांच्यासह सस्तन प्राण्यांवर काम केले. १९११ मध्ये सोसायटीने सुरू केलेल्या सर्वेक्षणाला त्यांचे प्रोत्साहन होते. त्याच्या आरंभीच्या अहवालांत खानदेश व वऱ्हाड हे प्रदेश येतात. मंगरूळपीर व वाशीमचा मुलूख या वऱ्हाडातच मोडत असे. १९१२ मध्ये रॉटन यांनी ‘क्रेम्नोमिस’ ही उंदरांची प्रजाती व तिच्यातील कच्छची जाती वर्णिली. सर्वेक्षणाच्या निष्कर्षांचा गोषवारा ते १९१८ पासून क्रमशः प्रसिद्ध करीत होते.

खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत सापडलेल्या वटवाघळाला थॉमस यांनी १९१३ मध्ये ‘ओटोमॉप्स रॉटनाय’ हे नाव दिले. पुढे अनेक दशके हे वटवाघूळ जगात केवळ याच गुहेतून ज्ञात होते.