पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

भारतवर्षातील तीर्थक्षेत्रांची यात्रा करणाऱ्या भाविकास एक नाव वारंवार ऐकू येते. काशीचा घाट असो, गयेचे विष्णुपद मंदिर असो वा वेरूळचे श्रीघृष्णेश्वर असो, तेथील जीर्णोद्धाराशी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव निगडित आहे. एका लहानशा खेड्यात जन्मलेल्या या स्त्रीने जवळजवळ अठ्ठावीस वर्षे माळव्याचा राज्यकारभार केला आणि राज्याच्या सीमेपलीकडील देवस्थानांचीही चिंता वाहिली.

अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून ज्या जिल्ह्यात ते येते, त्या अहमदनगर जिल्ह्यास 2024 मध्ये अहिल्यानगर असे त्यांचेच नाव देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे यांनी मुलीला लिहावयास-वाचावयास शिकविले. त्या काळी ही गोष्ट विरळाच होती. 1733 मध्ये सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनेची बुद्धी व सचोटी पाहून मल्हाररावांनी हळूहळू कारभाराची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यास आरंभ केला.

पुढील आयुष्यात दुःखाची परंपरा सुरू झाली. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास सिद्ध झाल्या असता वृद्ध सासऱ्यांनी त्यांना विनवून परावृत्त केले. 1766 मध्ये मल्हारराव निवर्तले आणि 1767 मध्ये एकुलते एक पुत्र मालेराव यांचेही निधन झाले. गादीला वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा घाट घातला व राघोबादादांशी संधान बांधले. अहिल्यादेवींनी हा डाव ओळखला. त्यांनी फौजेची सिद्धता केली, अन्य मराठा सरदारांस मदतीसाठी पत्रे पाठविली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांची संमती मिळविली. स्त्रीशी लढून जय मिळाला तरी कीर्ती नाही आणि पराजय झाला तर अपकीर्ती मात्र होईल, असा निरोप त्यांनी राघोबादादांस धाडल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. युद्धाचा प्रसंग टळला. सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे सोपवून मुलकी कारभार देवींनी स्वतःच्या हाती ठेवला.

नर्मदातीरी महेश्वर येथे त्यांनी राजधानी केली. नित्याची शिवपूजा आटोपल्यावर त्या दरबारात बसत व रयतेच्या फिर्यादी स्वतः ऐकत. राज्य हे श्रीशंकराचे असून आपण केवळ त्याच्या वतीने कारभार पाहतो, ही त्यांची दृढ भावना होती. म्हणूनच राजाज्ञेवर त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत. महेश्वरी त्यांनी विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी वस्त्रांची ख्याती आजही टिकून आहे. डोंगरी वाटांवर यात्रेकरूंची लूट होत असे. देवींनी भिल्लांस वाटसरूंकडून भिलकवडी नावाचा अल्प कर घेण्याचा हक्क मान्य केला व त्याबदली मार्गाच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. अशा रीतीने लुटणारे हातच रक्षक झाले.

देवींच्या दानधर्माची रीत दानशूर मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस 1734 मध्ये पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली होती. ती पुढे अहिल्यादेवींकडे आली. धर्मकार्याचा खर्च त्या या खासगी उत्पन्नातून करीत. रयतेने राज्यासाठी दिलेला पैसा वेगळा आणि आपल्या पुण्यासाठी खर्चावयाचा पैसा वेगळा, हा विवेक त्यांनी पाळला. 1780 मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले. 1783 मध्ये सोमनाथ येथे जुन्या भग्न देवालयाजवळ नवे मंदिर बांधण्यात आले. घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांची तर गणनाच कठीण आहे. मंदिर बांधून त्या थांबत नसत. तेथील पूजाअर्चा अखंड चालावी म्हणून नेमणुका करून देत आणि दूरदूरच्या देवस्थानांस अभिषेकासाठी गंगाजलाच्या कावडी पोहोचविण्याची व्यवस्था करीत.

इतके पुण्य गाठी असूनही दैवाने त्यांस सोडले नाही. उतारवयात नातू गेला. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने परोपरीने विनविले, परंतु कन्येचा निश्चय ढळला नाही. स्वतः सासऱ्यांच्या विनंतीवरून मागे फिरलेल्या मातेस हा प्रसंग पाहावा लागला. त्यानंतरही त्यांनी कारभार सोडला नाही. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

घरातील एकेक दिवा विझत असता दुसऱ्यांच्या वाटेवर दिवे लावीत राहणे, हे या जीवनाचे सार होय. तीर्थक्षेत्री घाटाची पायरी उतरताना, विहिरीचे पाणी पिताना वा अन्नछत्रात प्रसाद घेताना भाविकांनी या माऊलीचे क्षणभर स्मरण करावे. जे कार्य त्यांनी एकटीने आरंभिले, ते पुढे चालविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.