चार्ल्स ए. आर. कॅम्पबेल

डॉ. चार्ल्स ऑगस्टस रोझेनहायमर कॅम्पबेल (मृत्यू : इ.स. १९३१) हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथील वैद्य व जीवाणुतज्ज्ञ होते. वटवाघळांनी येऊन राहावे यासाठी माणसाने मुद्दाम घर बांधण्याची कल्पना त्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. वटवाघळांकडून डासांचा नाश करवून हिवताप हटवावा, हा त्यांचा हेतू होता. तो त्यांच्या समजुतीप्रमाणे सफल झाला असे आज मानले जात नाही. मात्र परसात किंवा शेताच्या बांधावर वटवाघळांसाठी लाकडी पेटी लावण्याची जी प्रथा आज अनेक देशांत आहे, तिचे मूळ शोधू गेल्यास कॅम्पबेल यांच्यापाशीच यावे लागते.

पार्श्वभूमी

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, या शोधाची पायाभरणी रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे केली. त्यानंतर जगभरच्या वैद्यांपुढे डास कसे कमी करावेत हा प्रश्न उभा राहिला. दलदली बुजवणे, साचलेल्या पाण्यावर तेल टाकणे, दारेखिडक्यांना जाळ्या बसवणे हे उपाय बहुतेकांनी धरले. कॅम्पबेल यांनी वेगळी वाट पत्करली. डास सांजावल्यावर बाहेर पडतात आणि वटवाघळेही त्याच वेळी. तेव्हा रात्री उडणाऱ्या या भक्षकाला माणसाच्या वस्तीजवळ आणून वसवता आले तर डासांचा बंदोबस्त आपोआप होईल, असा त्यांचा तर्क होता.

ते सॅन अँटोनियो शहराच्या आरोग्य खात्याशी संबंधित होते. निरीक्षणाची त्यांना विलक्षण हौस होती, पण निष्कर्षावर झेप घेण्याची घाईही तितकीच होती. देवीचा रोग ढेकणांमुळे पसरतो, असेही त्यांनी हिरिरीने प्रतिपादन केले होते व ते चुकीचे ठरले. वटवाघळांसंबंधीचे त्यांचे कार्य वाचताना त्यांच्या स्वभावाची ही बाजू ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

अपयशाची वर्षे

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पक्ष्यांसाठी टांगतात तशा लहान पेट्या जागोजागी लावून पाहिल्या. एकही वटवाघूळ तिकडे फिरकले नाही. मग पेटी लहान पडत असावी, असे वाटून १९०७ च्या सुमारास शहराजवळच्या सरकारी प्रायोगिक शेतावर त्यांनी सुमारे ५०० डॉलर खर्चून एक उंच लाकडी मनोरा उभारला. ओळखीच्या वासाने वटवाघळे येतील म्हणून आत त्यांची विष्ठाही ठेवली. त्या मनोऱ्यात चिमण्यांनी घरटी केली. वटवाघळे आली नाहीत, आणि अखेरीस तो मोडून टाकावा लागला.

पुढे कॅम्पबेल यांनी जे केले ते या चरित्रातील सर्वांत मोलाचे होय. चालता वैद्यकीय व्यवसाय बाजूला ठेवून ते टेक्सासच्या डोंगराळ भागातील गुहांतून महिनोन्‌महिने हिंडले. वटवाघळे कोणत्या गुहेत राहतात आणि कोणती गुहा टाळतात, आत उजेड व वारा कितपत असतो, ती लटकतात तो पृष्ठभाग कसा असतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. घर बांधण्याआधी ज्याला राहायचे आहे त्याची आवड विचारायला हवी होती. ती विचारायचे पहिल्या खेपेस राहून गेले होते, एवढाच याचा अर्थ.

मिचेल तलावाचा मनोरा

शहराच्या दक्षिणेस मिचेल तलाव आहे. त्या काळी शहराचे सांडपाणी त्यात सोडले जाई, त्यामुळे तेथे डासांचे थैमान असे आणि आसपासची कुळे हिवतापाने खंगलेली असत. १९११ मध्ये कॅम्पबेल यांनी येथे नवा मनोरा बांधला. सुमारे ३० फूट उंचीचा, खांबांवर उभा, वर निमुळता होत गेलेला. आत खरखरीत फळ्यांचे तिरपे कप्पे एकावर एक बसवलेले होते. खाली पडणारी विष्ठा गोळा करून गाडीत भरता यावी, अशी सोय तळाशी होती.

जवळच एका जुन्या घरात वटवाघळांची वसाहत होती. तिला नव्या जागी आणण्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती आजही कौतुकाने सांगितली जाते. पहाटे वटवाघळे परतण्याच्या सुमारास त्यांनी त्या घरात पितळी वाद्यांच्या बँडची ध्वनिमुद्रिका मोठ्याने लावली. आवाजाच्या आधारे जगणाऱ्या प्राण्याला तो गोंगाट असह्य झाला आणि ती मनोऱ्याकडे वळली. वटवाघळांना प्रतिध्वनीने दिशा कळते हे विज्ञानाने सिद्ध करण्यापूर्वी सुमारे पाव शतक आधीची ही गोष्ट आहे.

मनोरा भरला. विष्ठेचे उत्तम खत होते व ते विकून पैसाही मिळू लागला. काही वर्षांत तलावाकाठचा हिवताप नाहीसा झाल्याचे कॅम्पबेल यांनी जाहीर केले.

मान्यता आणि कायदा

१९१४ मध्ये सॅन अँटोनियो नगराने वटवाघूळ मारण्यास बंदी केली आणि १९१७ मध्ये टेक्सास राज्याने त्यांना कायद्याचे संरक्षण दिले. १९१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कॅम्पबेल यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले. ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही. बॅट्स, मॉस्किटोज अँड डॉलर्स हे त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातील डॉलर हे खताचे.

सॅन अँटोनियोचे माजी महापौर अल्बर्ट स्टीव्ह्‌स यांनी १९१८ मध्ये कम्फर्ट या गावाजवळील आपल्या शेतावर असाच मनोरा बांधवून घेतला. फ्लोरिडातील शुगरलोफ की या बेटावर रिक्टर क्लाइड पर्की यांनी १९२९ मध्ये उभारलेल्या मनोऱ्याची कथा मात्र उलटी आहे. तेथे वटवाघळे कधीच नांदली नाहीत. तो रिकामा मनोरा प्रवाशांचे कुतूहल बनून राहिला आणि २०१७ च्या इर्मा चक्रीवादळात कोसळला.

टीका

प्राणिशास्त्रज्ञ ट्रेसी स्टोरर यांनी १९२६ मध्ये या मनोऱ्यांचा परामर्श घेतला व डासनिर्मूलनासाठी ते उपयुक्त असल्याचे मान्य केले नाही. आक्षेप रास्त होता. मनोऱ्यात राहणारी मेक्सिकन मुक्तपुच्छ वटवाघळे रात्री कित्येक किलोमीटर दूर व फार उंचावर जाऊन शिकार करतात. त्यांच्या आहारात पतंग व भुंगेरे यांचा वाटा मोठा असतो, डासांचा थोडा. शिवाय त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात क्विनाइन, जाळ्या व पाण्याचा निचरा यांमुळेही हिवताप ओसरत होता. मनोरा नसलेल्या एखाद्या तशाच तलावाशी तुलना केल्यावाचून श्रेय कोणाचे हे ठरवता येत नाही, आणि ती तुलना कॅम्पबेल यांनी केली नव्हती.

त्यांचे दुसरे गणित मात्र त्यांच्या पश्चात वेगळ्या रीतीने खरे ठरले. २००६ मध्ये दक्षिण-मध्य टेक्सासातील कापूस उत्पादक भागाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोंडअळीचे पतंग खाऊन हीच वटवाघळे शेतकऱ्यांचे वर्षाला सुमारे ७,४१,००० डॉलर वाचवतात, असा त्यातील अंदाज होता. त्या अळीची आपल्याकडील जवळची नातलग म्हणजे हरभऱ्यावरील घाटेअळी. जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढार, ओतूर, नारायणगाव या पट्ट्यातील टोमॅटो उत्पादक तिला फळ पोखरणारी अळी म्हणून चांगलेच ओळखतात.

नंतरचा प्रवास

मनोऱ्यांची लाट कॅम्पबेल यांच्याबरोबरच ओसरली. १९८२ मध्ये मर्लिन टटल यांनी बॅट कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल ही संस्था स्थापन केली आणि तिच्या प्रयत्नांतून परसातील लहान पेटीचा प्रसार झाला. कॅम्पबेल यांच्या पहिल्या पेट्या का फसल्या असाव्यात याचा उलगडा आजच्या पेटीकडे पाहून होतो. तिच्यात पोकळ खोली नसते. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या फटी असतात, कारण कीटकभक्षी वटवाघळांना अंग चेपून बसायला आवडते. फळी आतून खरखरीत ठेवतात, तळ उघडा ठेवतात, आणि पेटी जमिनीपासून १२ ते १५ फूट उंच, झाडाऐवजी भिंतीवर किंवा खांबावर लावतात. पाणी जवळ असल्यास उत्तम. एवढे करूनही पेटी भरायला दोन-तीन वर्षे लागू शकतात व कित्येकदा ती रिकामीच राहते. पेटीतील प्राण्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. वटवाघळांपासून रेबीजचा धोका असतो.

भारतात असे निवारे अद्याप अपवादानेच दिसतात. लेणी, पडके वाडे व जुन्या विहिरी हीच येथील वटवाघळांची घरे आहेत. जुन्नरच्या डोंगरांत तर अशा जागांची वाण नाही. वाड्यांची जागा सिमेंटच्या इमारती घेत असल्याने हा आसरा मात्र आटत चालला आहे. कायद्यापुरते बोलायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर व कावळे यांच्या पंगतीत, उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत बसवले होते. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली.

मिचेल तलावाचा मनोरा आता अस्तित्वात नाही. कम्फर्ट येथील मनोरा उभा असून १९८३ मध्ये त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. त्यात आजही उन्हाळ्यात वटवाघळे राहतात.