थॉमस मिजली : इंजिनाचा ठोका आणि शिशाचा धूर

मोटारीचे दुखणे जाणता मिस्त्री कानाने आणि डोळ्याने ओळखतो. मागून निळसर धूर आला तर ऑइल जळत आहे, काळा आला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडत आहे. आणि चढावर इंजिनातून टकटक ठोके येऊ लागले तर ते नॉकिंग. हे शेवटचे दुखणे बरे करण्यासाठी ज्याने उमेदीची वर्षे वेचली, तो अमेरिकन संशोधक म्हणजे थॉमस मिजली. त्याचे औषध लागू पडले. परंतु त्या औषधातून जे हवेत गेले, ते कोणत्याही मिस्त्रीच्या डोळ्याला दिसणारे नव्हते.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेन्सिल्व्हानियातील बीव्हर फॉल्स येथे झाला. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो यंत्र अभियंता झाला आणि १९१६ मध्ये डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली कामाला लागला.

त्या काळी नॉकिंगचा दोष केटरिंग यांच्या बॅटरी-इग्निशनच्या माथी मारला जाई. मिजलीने दाखवून दिले की, दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे. ठिणगीची ज्योत सिलिंडरभर पोहोचण्यापूर्वीच पलीकडचे मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम पेट घेते. त्याचाच तो ठोका. त्यामुळे शक्ती घटते, पिस्टनही खराब होतो. इंधन लाल केले तर ते उष्णता लवकर शोषून घेईल, अशा समजुतीने त्याने त्यात आयोडीन घातले. ठोके थांबले! मग दुसरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच परिणाम नाही. समजूत चुकीची निघाली, पण वाट सापडली. वर्गात प्रयोग फसला म्हणून हिरमुसणाऱ्या मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. पुढे अ‍ॅनिलीन झाले, सेलेनियम झाले, टेलुरियम झाले. टेलुरियमचा लसणासारखा वास अंगाकपड्यांना असा चिकटे की माणसे दूर पळत. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. हजार भाग पेट्रोलात एक भागाहूनही कमी पुरे होई. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्ये ‘एथिल’ या नावाने त्याची विक्री सुरू झाली. नावात शिसे मुद्दामच नव्हते.

शिसे विषारी आहे हे जगाला प्राचीन काळापासून ठाऊक होते. १९२३ साली मिजलीला स्वतःलाच शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. मद्यार्क मिसळूनही नॉकिंग थांबते, हेही तो जाणत होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ हुंगून दाखविली. आरंभी त्याची नीयत वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी त्याने जे केले, त्याला विज्ञान म्हणता येत नाही.

१९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीचे कारण नाही असा निर्वाळा दिला आणि शिशाचे पेट्रोल जगभर पसरले. हे शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी माणसाच्या शरीरातील वाढलेल्या शिशाकडे जगाचे लक्ष वेधले. १९७५ पासून अमेरिकेत मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होत असल्याने बिनशिशाचे पेट्रोल आवश्यक झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र असेच पेट्रोल मिळू लागले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील साठा जुलै २०२१ मध्ये संपला.

मिजली यातले काही पाहायला उरला नव्हता. १९२८ नंतर त्याने रेफ्रिजरेटरसाठी फ्रेऑन वायू शोधला. ओझोनच्या थराला धक्का लावणाऱ्या वायूंपैकीच तो एक निघाला. १९४० मध्ये त्याला पोलिओ होऊन पाय गेले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन वयाच्या ५५ व्या वर्षी त्याचा अंत झाला.