अर्देसर कर्सेटजी : एका आरमारी अभियंत्याचे स्मरण

रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय सदस्य कोण, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता रामानुजन यांचे नाव घेतात. रामानुजन यांना हा मान १९१८ साली मिळाला. मात्र त्यापूर्वी तब्बल सत्त्याहत्तर वर्षे, २७ मे १८४१ रोजी, मुंबईच्या गोदीत वाढलेल्या एका पारशी अभियंत्याने तो मिळविला होता. त्यांचे नाव अर्देसर कर्सेटजी वाडिया. १९६९ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले खरे. पण तिकिटावरून हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र फारसे उतरले नाही. १६ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने या चरित्राकडे पाहताना केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. त्यातून एक अवघड आर्थिक प्रश्नही उभा राहतो.

अर्देसर यांचा जन्म १८०८ सालचा. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि पुढे दीडशे वर्षे या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. मलबारी सागवानाची ही जहाजे ब्रिटिश आरमारालाही हवीहवीशी वाटत. १८१७ साली येथे पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही जतन करून ठेवलेली आहे. अशा घरात जन्मलेल्या मुलाने लाकडाच्या विद्येत पारंगत व्हावे, हे ओघानेच आले. १८२२ साली, चौदाव्या वर्षी, अर्देसर गोदीत दाखल झाले. परंतु त्यांचे मन लाकडात रमले नाही. ते वाफेने वेधून घेतले.

त्या काळी वाफेचे यंत्र हे हिंदुस्थानात नवल होते. १८२९ साली मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पुढच्याच वर्षी सुएझपर्यंत जाऊन आली. पण तिचा सांगाडा मुंबईचा असला तरी तिची यंत्रे इंग्लंडहून आली होती. नेमकी हीच उणीव अर्देसर यांनी हेरली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८३३ साली, त्यांनी साठ टनांची ‘इंडस’ ही लहानशी बोट स्वतः आराखडा करून पाण्यात सोडली. १८३४ साली माझगावातील आपला बंगला व बाग त्यांनी वायूच्या दिव्यांनी उजळून टाकली. तो प्रकाश पाहण्यास खुद्द गव्हर्नर आले होते.

१८३९ साली आगबोटींची यंत्रे शिकण्यासाठी ते तांबडा समुद्र व मिसर देश या मार्गाने इंग्लंडला गेले. धर्माचे व आहाराचे नियम त्यांनी तेथेही सोडले नाहीत. कारखाने आणि गोद्या त्यांनी बारकाईने पाहिल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि प्रवासाची रोजनिशीही प्रसिद्ध केली. परतताना मुंबईच्या आरमारी वाफ-कारखान्याच्या मुख्य अभियंत्याचे पद त्यांच्या हाती आले होते. वेतन दरमहा सहाशे रुपये. हाताखाली सुमारे शंभर युरोपीय अभियंते व कारागीर आणि दोनशेच्या आसपास देशी कामगार. एका देशी माणसाने गोऱ्यांवर हुकमत चालवावी, ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट होती. मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्राने या नेमणुकीवर उघड नापसंती दर्शविली. अर्देसर यांनी त्याला उत्तर दिले ते कामाने. १८५७ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

१८४९ साली ते अमेरिकेस गेले आणि तेथील लाकूड कापण्याची यंत्रे त्यांनी मुंबईस आणविली. १८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’नंतर अवघ्या बावीस वर्षांत मुंबईने गाठलेला हा पल्ला होता.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला थांबावेच लागते. बुद्धी होती, हस्तकौशल्य होते, परंपरा होती, बंदर होते. मग औद्योगिक क्रांतीचा अंकुर या भूमीत का रुजला नाही? केवळ परकीय सत्तेकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु कारणे याहून गुंतागुंतीची आहेत. पहिले असे की, या कारखान्याला एकच मोठे गिऱ्हाईक होते, आणि ते म्हणजे सरकारी आरमार. १८६३ साली ‘इंडियन नेव्ही’ मोडीत निघाली आणि समुद्राचे रक्षण ब्रिटिश आरमाराकडे गेले. जेथे मागणीची दोरी दुसऱ्याच्या हाती असते, तेथे कौशल्य अनाथ होते. दुसरे म्हणजे, जहाजे लोखंडाची होऊ लागताच मलबारी सागवानाचे वर्चस्व संपले. लोखंड व कोळसा मुंबईच्या जवळ नव्हता. तिसरे कारण आपल्या अंगणातले आहे. मुंबईचे भांडवल कापूस व अफूच्या व्यापारात रमले. १८५४ साली पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम सुरू झाला, तोही विलायती यंत्रांच्या बळावर. यंत्र चालविणारे पुष्कळ निर्माण झाले, यंत्र घडविणारे मात्र विरळाच. त्याच वर्षी पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतूही सरकारी बांधकामांसाठी दुय्यम नोकरवर्ग तयार करणे हाच होता.

निवृत्तीनंतर अर्देसर इंग्लंडला गेले. मध्यंतरी सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीसाठी ते पुन्हा या देशी आले, पण त्यांचा अखेरचा काळ लंडनजवळील रिचमंड येथे गेला. तेथेच १८७७ साली त्यांचे निधन झाले. मुंबईला वाफेची विद्या शिकविणाऱ्या माणसाची अखेर परभूमीवर व्हावी, यात त्या काळाचे सारे दैव सामावले आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९६८ साली, ज्या माझगावात अर्देसर यांनी दिवे लावले होते, तेथील गोदीत ‘नीलगिरी’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. आराखडा ब्रिटिश असला तरी या वेळी गिऱ्हाईक आपले होते, धोरणही आपले होते. तथापि अर्देसर यांच्या आयुष्याचा धडा अजून शिळा झालेला नाही. एखादा कर्तबगार माणूस विरोध सोसून शिखर गाठू शकतो. पण त्याच्यामागे मागणी, भांडवल आणि शिक्षण यांची साखळी उभी नसेल, तर ते शिखर एकाकीच राहते. कारखान्यात हात काळे करणाऱ्या शिक्षणाला आपल्या समाजात अजूनही दुय्यम स्थान आहे. गोदीत चौदाव्या वर्षी दाखल झालेल्या त्या मुलाचे स्मरण करायचे, तर प्रथम या वृत्तीचा विचार करावा लागेल.