बाजीप्रभू देशपांडे

बाजीप्रभू देशपांडे (मृत्यू: १३ जुलै १६६०) हे हिरडस मावळाचे देशपांडे आणि शिवाजी महाराजांचे सरदार होते. पन्हाळा ते विशाळगड या वाटचालीत सध्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात असलेल्या घोडखिंडीत त्यांना वीरमरण आले. ही खिंड पुढे पावनखिंड या नावाने प्रसिद्ध झाली.

पूर्वायुष्य

बाजीप्रभू भोरजवळच्या सिंद गावचे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुळातील या घराण्याकडे हिरडस मावळाची देशपांडेगिरी होती. रोहिडा परिसराचे देशमुख असलेल्या बांदलांचे ते कारभारी होते. महाराजांनी रोहिडा घेतला, तेव्हा ते प्रतिपक्षात होते. पुढे बांदलांच्या मावळ्यांसह ते स्वराज्याच्या कार्यात सामील झाले. १६५९ साली हिरडस मावळातील जासलोडगड पुन्हा वसवून त्याला मोहनगड नाव देण्याची कामगिरी महाराजांनी पत्राने त्यांच्यावर सोपवली होती. त्यांच्या आयुष्यातील शेवटच्या रात्रीविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याआधीच्या वर्षांविषयी मात्र असे मोजकेच उल्लेख हाती लागतात.

पन्हाळ्याचा वेढा

नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाचा वध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा महाराजांच्या ताब्यात आला. त्यावर आदिलशहाने सिद्दी जौहर यास मोठे सैन्य देऊन पाठवले. मार्च १६६० पासून गडाला वेढा पडला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनीही तोफा व दारूगोळा घेऊन त्याला साहाय्य केले. नेताजी पालकरांचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न फसला, पावसाळ्यातही सिद्दी हटला नाही आणि तिकडे शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. गडावर थांबणे म्हणजे दोन्हीकडून कोंडले जाणे होते.

वेळ आणि वाटचाल

१२ जुलैच्या रात्री सुमारे सहाशे मावळ्यांसह महाराज गडाबाहेर पडले. या मोहिमेचे वर्णन करताना खिंडीतील लढाईवरच भर दिला जातो. वस्तुतः लढाई हा तिचा अखेरचा भाग होता; तत्पूर्वीची सारी रात्र व सकाळ केवळ चालण्यात गेली. विशाळगड साठ किलोमीटरहून अधिक दूर. वाट मसाई पठारावरून, पुढे ओढे, चिखल आणि दाट रानातून जाणारी. आषाढातील पाऊस, पालखीचे ओझे आणि अंधार यांमुळे वेग मंदावणे अटळ होते. भोयांना खांदा बदलावा लागे, परंतु पालखी थांबवून चालणार नव्हते.

अशा प्रसंगी किती अंतर किती वेळात कापता येईल, हाच निर्णायक प्रश्न असतो. १८२४ साली प्रशियातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला, त्यात एक डाव दोन मिनिटांचा मानून तेवढ्या वेळात पायदळ व घोडदळ किती सरकेल याचे नियम बांधले होते. त्याच परंपरेतून निघालेल्या आजच्या भूमिका-खेळांतही लढाईबाहेरचा प्रवास प्रहरांनी किंवा दिवसांनी मोजतात आणि हातघाईची लढाई क्षणांनी. पन्हाळ्याहून निघालेल्यांना हा हिशोब पायांनीच करावा लागला.

त्यात सर्वांत मोलाची भर घातली ती नेबापूरच्या शिवा काशिद यांनी. महाराजांसारखा वेश करून ते दुसऱ्या पालखीतून निराळ्या वाटेने गेले. सिद्दीच्या लोकांनी त्यांना पकडून छावणीत नेले आणि खरा प्रकार उघड होईपर्यंत पाठलाग लांबला. त्यांना प्राणास मुकावे लागले. बाजीप्रभूंच्या पराक्रमाइतकीच ही गोष्ट सांगितली जायला हवी. कारण खिंडीपर्यंत पोहोचण्यास लागलेला अवधी त्यांनी मिळवून दिला.

घोडखिंड

दुसऱ्या दिवशी सिद्दी मसूद पाठलाग करीत जवळ आला. विशाळगड अजून गाठायचा होता आणि गडाच्या पायथ्याशीही सूर्यराव सुर्वे व जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. एकत्र चालत राहिल्यास मागचे व पुढचे असे दोन शत्रू एकाच वेळी अंगावर येणार होते. म्हणून निम्मे सैन्य घेऊन बाजीप्रभू खिंडीत थांबले आणि महाराज उरलेल्यांसह पुढे गेले. अरुंद वाटेमुळे शत्रूला आपल्या संख्येचा लाभ घेता येईना. महाराज गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे आवाज व्हायचे होते, असे बखरकार सांगतात. ते होईपर्यंत, कित्येक तास, बाजीप्रभूंनी खिंड लढवली. त्यांचे बंधू फुलाजीप्रभू आणि अनेक बांदल वीर तेथेच पडले. तोफा झाल्यावर बाजीप्रभूंनी प्राण सोडला, ही कथा लोकपरंपरेत रुजली आहे.

या लढाईचे श्रेय एकट्या बाजीप्रभूंना देताना बांदलांचा विसर पडतो, असा आक्षेप अभ्यासक घेतात व तो रास्त आहे. जेध्यांकडे असलेला तलवारीच्या पहिल्या पानाचा मान या पराक्रमानंतर बांदलांना दिला गेला, अशी परंपरा आहे. पन्हाळा मात्र त्याच वर्षी आदिलशहाला द्यावा लागला. तो परत मिळण्यास १६७३ उजाडले.

स्मृती

बाजीप्रभू व फुलाजीप्रभू यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे. वि. दा. सावरकरांनी त्यांच्यावर पोवाडा रचला, तर अरविंद घोष यांनी इंग्रजीत दीर्घ काव्य लिहिले. २०२२ साली 'पावनखिंड' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दर वर्षी पावसाळ्यात अनेक पदभ्रमणकार पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जातात. ते बहुधा वाटेत मुक्काम करतात.