फ्रेडरिक जोन्स आणि मामाचे गॅरेज

माझ्या मामाचे तालुक्याला गाड्यांचे गॅरेज आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच असतो. या सुट्टीत मी मामाला म्हणालो की सातवी झाली की मी शाळा सोडतो आणि कायमचा तुझ्याकडे येतो. मामा काही बोलला नाही. आई मात्र रडली. शाळा सुरू झाल्यावर ही गोष्ट गुरुजींच्या कानावर गेली. मला वाटले, आता रागावणार. पण गुरुजींनी मला एका माणसाचे चरित्र सांगितले. तेच मी इथे लिहीत आहे.

त्यांचे नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. त्यांचा जन्म १८९३ साली अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी झाला. ते काळे होते आणि त्या काळी तिकडे काळ्या माणसांना बरोबरीने वागवत नसत. आई लहानपणीच अंतरली. वडिलांना मूल सांभाळणे जमेना, म्हणून त्यांनी फ्रेडरिकला एका पाद्रीबाबांकडे ठेवले. तिथे झाडलोट वगैरे कामे करीत तो थोडेफार शिकला. सहावीच्या सुमारास शाळा सुटली. एवढासा पोर सिनसिनाटी शहरात आला नि एका गॅरेजात झाडू मारायला राहिला. झाडता झाडता मिस्त्रींच्या हातांकडे बघत राही. चौदा-पंधरा वर्षांचा झाला तोवर स्वतःच मिस्त्री झाला!

इथपर्यंत ऐकून मला भारी आनंद झाला. मी म्हटले, बघा गुरुजी, त्यांनीपण शाळा सोडलीच की. गुरुजी म्हणाले, पुढे ऐक.

१९१२ साली जोन्स मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक गावी गेले. तिथे एका फार मोठ्या शेतावर यंत्रे दुरुस्त करायचे काम मिळाले. वेळ मिळेल तेव्हा ते विजेची आणि यंत्रांची पुस्तके वाचत. शिकवायला कोणी नव्हते. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते, फ्रान्सला जाऊन आले. परत आल्यावर गावच्या रेडिओ केंद्राचे यंत्र त्यांनी बनवले. मुक्या सिनेमाच्या यंत्राला आवाज जोडला. हे पाहून मिनियापोलिस शहरातले जोसेफ न्यूमेरो यांनी त्यांना आपल्या कारखान्यात घेतले.

तेव्हा ट्रकमधून मांस, भाजी न्यायची तर बर्फ भरून न्यावी लागे. वाटेत बर्फ वितळला की माल नासला. १९३८ च्या सुमारास न्यूमेरो यांच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचा कोंबड्यांचा माल असाच वाया गेला. ट्रकला चालेल असे थंडीचे यंत्र बनवायचे जोन्स यांनी मनावर घेतले. खड्ड्यांच्या हादऱ्यांत नाजूक यंत्र टिकत नसे, हीच मोठी अडचण होती.

हे यंत्र कसे चालते ते मला मामामुळे ठाऊक आहे. माठातले पाणी झिरपते, त्याची वाफ होताना ते उष्णता घेते आणि माठ गार होतो. एसीतही तसेच होते. फक्त पाण्याऐवजी गॅस असतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता सोडून पातळ होतो, आणि आतल्या जाळीत त्याचा पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो.

जोन्स यांनी पहिले यंत्र ट्रकच्या खाली बसवले. तिथे रस्त्याचा चिखल उडून बसे. मग त्यांनी ते हलके करून ट्रकच्या डब्याला पुढून वरच्या बाजूस लावले. हे ऐकताच मला मामाकडे आलेली जीप आठवली. एसी चालू, पण वारा गरमच. मालकाला कोणीतरी सांगितले होते की गॅस संपला, पैसे लागतील. मामाने आधी पट्टा पाहिला. मग एसी लावून कॉम्प्रेसरचा टक् असा आवाज येतो का ते ऐकले. येत होता. पंखाही फिरत होता. पुढची जाळी मात्र चिखलाने पार लिंपली होती! गाडी बंद करून, थंड झाल्यावर आम्ही ती हलक्या धारेने धुतली. परत चालू केल्यावर जाड नळी गार लागली, बारीक नळी गरम. तसेच लागायला हवे. गॅस गळत असेल तर सांध्यावर तेलकट डाग दिसतो, किंवा साबणाच्या फेसाला बुडबुडे येतात. गॅसच्या नळीचा नट मात्र मामा मला सोडू देत नाही. तो गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळासुद्धा जाऊ शकतो.

दुसऱ्या महायुद्धात जोन्स यांच्या यंत्रांमुळे सैनिकांसाठी रक्त, औषधे आणि अन्न गार ठेवून लांबवर नेता आले. १९४४ साली शीतकरण अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेले ते पहिले काळे गृहस्थ. साठाहून जास्त पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. २१ फेब्रुवारी १९६१ रोजी ते वारले. १९९१ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

मी गुरुजींना विचारले, एवढी पुस्तके त्यांना एकट्याने कशी समजली? गुरुजी म्हणाले, सोपे गेले नसणार.

परवा रविवारी मी मामाकडे गेलो होतो. गाडीच्या बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. कोणता गॅस, किती ग्रॅम भरायचा, ते तीवर इंग्रजीत असते. मामा दर वेळी ती शेजारच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घेतो. हे मला माहीतच नव्हते. परवा दुकान बंद होते, म्हणून मामाने मला हाक मारली. ग्रॅमचा आकडा मला वाचता आला. खालच्या चार ओळी नाही आल्या. त्या मी वहीत जशाच्या तशा उतरवून आणल्या आहेत.

(इयत्ता सातवी)